छोटा वायरलेस कंट्रोलर घेताना या चुका टाळा

खिशात मावेल असा कंट्रोलर शोधणारी बहुतेक मंडळी आधी आकार बघतात, मग रंग, मग किंमत. तो कशाला जोडायचा आणि त्यावर कोणते गेम खेळायचे, हे खोकं फोडल्यावर आठवतं. मग ‘माल खराब निघाला’ म्हणून ओरड सुरू होते. माल बहुतेक वेळा चांगला असतो, निवड चुकलेली असते.

ब्लूटूथ आहे म्हणजे सगळीकडे चालेल, हा समज

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स/एस हे गेम कन्सोल ब्लूटूथ कंट्रोलर घेतच नाहीत. त्यांची वायरलेस पद्धत मायक्रोसॉफ्टची स्वतःची आहे, आणि नोव्हेंबर २०२३ पासून अधिकृत परवाना नसलेली उपकरणं अडवायलाही सुरुवात झाली. सोनीच्या प्लेस्टेशन ४ म्हणजे पीएस४ साठी बनवलेला थर्ड पार्टी (दुसऱ्या कंपनीचा) कंट्रोलर पीएस५ ला जोडला, तरी त्यावर पीएस५ चे गेम खेळता येत नाहीत, फक्त पीएस४ चे चालतात. एक्सबॉक्स किंवा पीएस५ साठी छोटा ब्लूटूथ कंट्रोलर शोधत असाल तर शोध इथेच थांबवा. निन्टेन्डोचा स्विच, विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक), ही या कंट्रोलरची खरी जागा.

मोड न बघता जोडणे

ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते. एकच कंट्रोलर चार वेगवेगळी सोंगं, म्हणजे यंत्राशी बोलण्याच्या चार पद्धती किंवा मोड, घेऊ शकतो: विंडोजसाठी एक्स-इनपुट, अँड्रॉइडसाठी डी-इनपुट, आणि मॅक व स्विचसाठी आणखी दोन. एटबिटडो (8BitDo) कंपनीच्या एसएन३० प्रो मध्ये हे कंट्रोलर चालू करताना ठरतं. स्टार्ट आणि एक्स दाबून चालू केला तर विंडोज (दोन दिवे लुकलुकतात), स्टार्ट आणि बी दाबला तर अँड्रॉइड (एक दिवा), स्टार्ट आणि ए दाबला तर मॅक (तीन दिवे), स्टार्ट आणि वाय दाबला तर स्विच (दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळतात). त्यानंतर पेअरचं बटण तीन सेकंद दाबून धरायचं. एवढंच. पण माहितीपत्रक वाचायला दोन मिनिटं द्यायची कोणाची तयारी नसते.

एका कॉलेजच्या मुलाचं उदाहरण नमुनेदार आहे. कंट्रोलर स्विच मोडमध्ये होता, तसाच त्याने तो लॅपटॉपला जोडला. विंडोजने ‘प्रो कंट्रोलर’ असं नाव दाखवलं, त्याला वाटलं काम झालं. गेममध्ये मात्र एकही बटण चालेना. मग त्याने व्हिडिओ बघून बटणं बदलणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. गेम चालला, पण स्टीम या गेमच्या ॲपचं स्वतःचं कंट्रोलर सेटिंगही चालूच होतं. एकाच कंट्रोलरचे दोन कंट्रोलर झाले, एकदा उडी मारायला दाबलं की दोनदा उडी. वैतागून त्याने ब्लूटूथचे ड्रायव्हर काढले, शेवटी विंडोजच नव्याने टाकलं. तरी तक्रार कायम, कारण कंट्रोलरचा मोड त्याने एकदाही बदलला नव्हता.

उपाय ठरलेल्या क्रमानेच करा, मधली पायरी गाळू नका. लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून जुनी नोंद काढून टाका. बटणं बदलणारं सॉफ्टवेअर पूर्ण काढा. स्टार्ट तीन सेकंद धरून कंट्रोलर बंद करा, ऐकला नाही तर आठ सेकंद धरा. मग बटणांच्या योग्य जोडीने चालू करून नव्याने पेअर करा. त्यानंतर विंडोज आणि आर या कळा दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) ही कंट्रोलर तपासायची खिडकी उघडा आणि प्रत्येक बटण तिथे तपासा. गेम उघडायचा तो यानंतर. त्या खिडकीत दोन कंट्रोलर दिसत असतील तर कुठेतरी दुसरं सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे.

आणि काही मॉडेलांत एक्स-इनपुट मुळातच नसतो. एटबिटडो मायक्रोला स्विच, डी-इनपुट आणि कीबोर्ड असे तीनच मोड आहेत. जुने गेम एम्युलेटरवर (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खेळायला आणि चित्रकारांना शॉर्टकटच्या कळा म्हणून वापरायला तो फार छान आहे. पण विंडोजवरचे बरेच नवे गेम फक्त एक्स-इनपुट ओळखतात. त्यांच्यासाठी मायक्रो घेऊन मग जुगाड शोधत बसणं हा पैशांचा आणि संयमाचा अपव्यय आहे.

ए-बी आणि एक्स-वाय उलटे लागले म्हणूनही लोक कंट्रोलर परत करतात. स्विचच्या मांडणीत ए उजवीकडे आणि बी खाली असतो, एक्सबॉक्सच्या मांडणीत ए खाली आणि बी उजवीकडे. यात बिघाड काही नाही, सेटिंगमध्ये अदलाबदल करा.

ट्रिगर न तपासता रेसिंग गेमसाठी घेणे

आकार लहान करताना कंपन्या पहिली कात्री ट्रिगरला, म्हणजे तर्जनीखाली येणाऱ्या मागच्या बटणांना लावतात. ॲनालॉग ट्रिगर किती दाबला ते सांगतो, म्हणून अर्धा दाबला तर गाडीचा ॲक्सिलरेटरही अर्धाच दाबला जातो. डिजिटल ट्रिगर नुसतं ‘दाबला’ किंवा ‘सोडला’ एवढंच सांगतो. एसएन३० प्रो चे एल२ आणि आर२ (डावा आणि उजवा ट्रिगर) डिजिटल आहेत. त्याच कंपनीच्या प्रो २ चे ॲनालॉग आहेत, पण तो हातात मोठा भरतो. डिजिटल ट्रिगरवर वळणावर ब्रेक हलका धरताच येत नाही: चाकं जाम होतात, नाहीतर गाडी भिंतीत. नवखा खेळाडू याला स्वतःचा सराव कमी पडला असं समजतो आणि महिनाभर झगडत राहतो.

जाहिरातीत ‘ॲनालॉग ट्रिगर’ हे शब्द स्पष्ट नसतील तर ट्रिगर डिजिटल आहे असंच समजा. हातात आल्यावर जॉय डॉट सीपीएलमध्ये ट्रिगर हळूहळू दाबा. पट्टी सरकत गेली तर ॲनालॉग, एकदम उडी मारली तर डिजिटल. एक्स-इनपुटमध्ये या खिडकीत दोन्ही ट्रिगर एकाच पट्टीवर दिसतात आणि एकत्र दाबले की पट्टी मध्येच थांबते. तो दोष नव्हे.

फक्त स्विचवर खेळणाऱ्यांनी ही काळजी सोडून द्यावी, तिथे निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरचे ट्रिगरसुद्धा डिजिटलच आहेत. स्विचसाठी बघायचं ते वेगळं: जायरो (कंट्रोलर हलवला-कलवला ते ओळखणारा सेन्सर) आहे का, होम बटणाने कन्सोल झोपेतून जागा होतो का, अमीबो (निन्टेन्डोच्या चिप असलेल्या बाहुल्या) वाचतो का. छोट्या कंट्रोलरमध्ये यातलं काहीतरी बहुतेक वेळा गळलेलं असतं.

स्टिक

एटबिटडोच्या झीरो २ आणि मायक्रोवर स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडीच नाही. त्रिमितीय गेममध्ये कॅमेरा फिरवायला उजवी स्टिक लागते, डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणावर) ते भागत नाही. जिथे स्टिक आहे तिथे हॉल इफेक्ट असेल तर थोडे जास्त पैसे खुशाल द्या. साध्या स्टिकमधला पोटेन्शिओमीटर (स्टिक किती कलली ते मोजणारा भाग) घासून झिजतो आणि पुढे स्टिक आपोआप सरकायला लागते. हॉल इफेक्टमध्ये चुंबकावर मोजमाप होतं, घासणारा भागच नसतो. गेममधला डेडझोन (स्टिकची जी छोटी हालचाल गेम मोजतच नाही) वाढवून आपोआप सरकण्याचा दोष झाकता येतो, पण मग बारीक नेम लागत नाही.

केबल, डोंगल आणि बाकीचं

दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाही? बॅटरी मेली असं ठरवू नका. स्वस्त उपकरणांत सी पोर्टमागे लागणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवलेले नसतात, म्हणून चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला साधा चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल वापरा.

२.४ गिगाहर्ट्‌झचं डोंगल (कंट्रोलरचा छोटा वायरलेस रिसीव्हर) संगणकाच्या मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात खुपसू नका. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो आणि बटणं मध्येच गळतात. मीटरभर एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर आणा.

ब्लूटूथ कंट्रोलर आणि ब्लूटूथ इअरफोन एकाच फोनवर एकत्र चालवून ‘लॅग येतो’ म्हणू नका. वायरचे इअरफोन लावा.

फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट वायरनेच करा, आणि ती मध्येच उपसू नका.

‘१००० हर्ट्‌झ’ या आकड्याला भुलू नका; कंट्रोलर सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो, एवढंच तो सांगतो. १२५ हर्ट्‌झला दर ८ मिलिसेकंदांनी माहिती जाते, आणि ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. बसल्या बसल्या प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचे गेम) खेळणाऱ्याला यात काडीचा फरक जाणवत नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत डी-पॅड मात्र जरूर तपासा. अंगठा डावी-उजवीकडे जोरात लोळवा आणि वर-खालीची नोंद होते का ते पाहा. होत असेल तर फायटिंग गेममध्ये हा कंट्रोलर छळणार आहे, त्याच दिवशी परत पाठवा.