गाडी गरम झाली की आधी हात खिशात ठेवा: या चुका टाळा

आमच्या नात्यात कुणाची गाडी बंद पडली की फोन मला येतो. मी मेकॅनिक नाही. चौथी गाडी चालवतोय आणि आधीच्या तिन्हींवर केलेल्या चुकांचे पैसे भरलेत, एवढीच माझी पात्रता. वैताग याचा की फोन नेहमी उशिरा येतो, म्हणजे बिघाड झाल्यावर स्वतःचं डोकं दहा मिनिटं चालवून झालं की मग.

सगळ्यात महागडं डोकं आमच्या दाजींनी चालवलं. मे महिना, कोल्हापूरला लग्न, आणि पुण्याहून जाताना खंबाटकी. (तेव्हा बोगदा साताऱ्याकडून परत येणाऱ्यांच्या वाट्याला होता, जाणाऱ्याला घाट चढावाच लागायचा.) पुढे ट्रकची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्यांच्या रेडिएटरच्या फॅनची मोटर कधीच जाम झाली होती, पण हायवेला समोरच्या वाऱ्यावर रेडिएटर गार राहतो, त्यामुळे पत्ता लागला नव्हता. घाटात वारा नाही आणि इंजिनावर पूर्ण लोड. आधी एसी कोमट हवा फेकायला लागला, मग काटा वर सरकला, मग लाल दिवा. ताई म्हणाली, "अहो, थांबवा." दाजी म्हणाले, "वर पोचू दे, वाऱ्याने होईल गार."

वर पोचलेच नाहीत. बॉनेटमधून वाफ यायला लागल्यावर थांबले, नॅपकिन धरून रेडिएटरची टोपी फिरवली आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजून घेतलं. टोपी प्रेशरची असते. त्या प्रेशरमुळे आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं, रसायन मिसळलेलं पाणी) शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी सैल झाली की प्रेशर जातं आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. एवढं होऊनही हिंमत बघा. लग्नाला उशीर होतोय म्हणून आइसबॉक्समधली गार पाण्याची बाटली त्यातच ओतली आणि स्टार्टर मारला.

मी अर्ध्या तासाने मागून पोचलो तेव्हा डांबरावर हिरवं कूलंट पसरलेलं होतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. ऑइलची टोपी काढून पाहिली तर आतून दुधाच्या चहावर येते तशी पिवळट साय. हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालं होतं, पाणी ऑइलमध्ये. हेडही बेंड. लेथवर फेसिंग मारून, म्हणजे हेड सपाट करून, गॅसकेट, ऑइल, टोइंग धरून बिल त्रेचाळीस हजार. फॅनची मोटर वेळेवर बदलली असती तर तीन-साडेतीन हजारांत भागलं असतं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. काटा नेहमीच्या जागेवरून हलला की एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. मे महिन्यात हा छळ आहे, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि कडेला घ्यायला वेळ मिळतो. लाल दिवा लागला की इंजिन बंद. मग चाकामागे दगड लावतो (निघताना तो उचलून बाजूला टाकतो, घाटात ट्रकवाल्यांनी सोडलेले दगड रात्री दिसत नाहीत), रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे लांब ठेवतो आणि पाऊण तास चहा, गप्पा, काहीही. टोपीला हात लावायचा नाही. वरचा रबरी होज दाबल्यावर मऊ लागला तरच जाड फडकं घेऊन टोपी जराशी फिरवायची. पाणी हळूहळू घालायचं, गार इंजिनात. पाऊण तास थांबवत नसेल तर टोइंगला फोन करा.

आणि घाटाच्या दिवशी सकाळी घरीच गाडी चालू करून एसी लावतो आणि बॉनेटजवळ कान देतो. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा फॅनही फिरतो. नाही फिरला तर प्रवास रद्द. आता दाजीही हे करतात, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"कूलंट म्हणजे कंपनीचे चोचले, साधं पाणी चालतं" म्हणणारे मिस्त्री भेटतील. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलचं काय होतं ते आठवा. तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, वर गंज. अडीअडचणीला पाणी घातलं असेल तर घरी आल्यावर सिस्टिम फ्लश करून कूलंट भरा.

दुसरी चूक माझी स्वतःची. पुढून घासल्यासारखा आवाज येत होता, म्हणून सर्व्हिस सेंटरला जाऊन सांगितलं, "ब्रेक बघा, आवाज करतायत." ॲडव्हायझरने जॉबकार्डवर "ब्रेक नॉइज" लिहिलं, मी न वाचता सही ठोकली. संध्याकाळी बिलात नवे ब्रेकपॅड, शिवाय इंजिन ड्रेसिंग आणि एसी डिसइन्फेक्शन. जुने पॅड मागितले तर निम्म्याहून जास्त शिल्लक. आणि गेटबाहेर पडलो तर आवाज तसाच! कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने चाक काढलं, डिस्कमागचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने जरा वाकवला आणि हरभऱ्याएवढा खडा टपकन खाली पडला. घ्यायलाच तयार नव्हता, बळेच पन्नास रुपये दिले.

सर्व्हिस सेंटरला शिव्या घातल्या, पण निदान मीच करून दिलं होतं हेही खरं. आता मी फक्त लक्षण सांगतो: तीसच्या स्पीडला, ब्रेक न दाबता, पुढच्या डाव्या चाकातून, वळताना जास्त. जमलं तर ॲडव्हायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारतो. "यादीबाहेरच्या कामाला आधी फोन, जुने पार्ट डिकीत" हे जॉबकार्डवर लिहून घेतो, मगच सही. मागे चार गाड्या हॉर्न देत असल्या तरी.

बाकीच्या थोडक्यात.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी त्याचा खर्च सहसा देत नाही.

डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं तर किल्ली फिरवूसुद्धा नका, ढकलत बाजूला घ्या.

जंप स्टार्ट करताना, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर लावून गाडी चालू करताना, शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीला नको, त्याच गाडीच्या इंजिनाच्या धातूला लावा.

नवी गाडी रजिस्ट्रेशनच्या आधी दिवसाउजेडी बघा. टायर कधी बनला ते त्यावरच्या चार आकड्यांत कळतं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, सेल्समन कितीही गोड बोलला तरी.

टायरची हवा गार टायरवर तपासा. आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पंपावरच्या पोराला विचारायची गरज नाही.