नवख्या माणसापर्यंत लिनक्स कसे पोहोचवावे

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रसार करणारे बहुतेक जण बोलायला सुरुवात कर्नल (सिस्टीमचा गाभा), परवाने आणि वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यापासून करतात. हे विषय मोलाचे आहेत, परंतु ज्याला फक्त पत्रे लिहायची आहेत आणि छायाचित्रे सांभाळायची आहेत, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचे कारण त्यांतून मिळत नाही. म्हणून आधी त्याची अडचण काय आहे, ते विचारावे.

सध्या एक अडचण अनेकांची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे सुस्थितीतले कितीतरी संगणक अधिकृतरीत्या त्यात बसत नाहीत. असा संगणक टाकून न देता लिनक्सवर सुरक्षितपणे वापरता येईल, एवढे एक वाक्य अशा माणसाला पुरते.

त्यानंतर तो संगणकावर काय काय करतो, याची यादी त्याच्याकडूनच करून घ्यावी आणि प्रत्येक कामाबद्दल खरे तेच सांगावे. फोटोशॉप लिनक्ससाठी उपलब्ध नाही. फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळही चालत नाहीत. एखाद्याची उपजीविकाच अशा प्रोग्रॅमवर असेल, तर त्याला आग्रह करू नये. याउलट यादीतली कामे ब्राउझर, कागदपत्रे आणि व्हिडिओ यांपुरतीच असतील, तर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी त्याच्या विंडोजवरच आधी बसवून द्यावेत. हात त्यांना सरावले की पुढचा बदल निम्माच उरतो.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती, एकच सुचवावी. दहा नावे ऐकली की नवखा माणूस निवड करण्याऐवजी विषयच सोडून देतो. माझ्या मते विंडोजची सवय असलेल्यांसाठी लिनक्स मिंट सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचा मेनू आणि खालची पट्टी ओळखीची वाटते, आणि ४ जीबी रॅमवर ते नीट चालते.

प्रात्यक्षिक मात्र सावकाश करावे, कारण मन वळते ते इथेच. पेन ड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, सुरू करावे, तेही त्याच्याच संगणकावर, आणि माउस त्याच्याच हातात द्यावा. पेन ड्राइव्हवरून सगळे थोडे मंद चालते, आणि इन्स्टॉल केल्याशिवाय हार्ड डिस्कवरचे काही आपोआप बदलत नाही, हे आधीच सांगावे. मग वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर संगणक जागा होतो का, हे सारे त्याच्यासमोर तपासावे. एखादी गोष्ट चालली नाही, तर ती इन्स्टॉल करण्यापूर्वी कळली, हा फायदाच समजावा.

‘फुकट आहे म्हणजे कच्चे असेल’ ही शंका येतेच. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून टॉप५०० यादीतले सर्व महासंगणक लिनक्सवर चालत आले आहेत, हे उत्तर बहुतेकांना पटते. परवान्यांची आणि स्वातंत्र्याची गोष्ट इथे सांगावी, कारण आता ती ऐकण्याची उत्सुकता निर्माण झालेली असते.

होकार मिळाल्यावर सर्व फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि तो उघडून पाहावा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल, तर ते उघडणारी रिकव्हरी की लिहून ठेवल्याशिवाय डिस्कच्या विभाजनाला हात लावू नये. जागा पुरेशी असल्यास विंडोज शेजारी राहू द्यावे. परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असले की माणूस निर्धास्तपणे शिकतो.

पहिल्या महिन्यात त्याला तुमची सर्वाधिक गरज लागते. टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) शक्यतो टाळून सॉफ्टवेअर मॅनेजर आणि अपडेट मॅनेजर दाखवावेत, टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टीमचा स्नॅपशॉट (बिघाड झाल्यास परतता येईल अशी प्रत) घेऊन ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा आपण होऊन चौकशी करावी. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी अनेक ठिकाणी सॉफ्टवेअर फ्रीडम डे हा मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस साजरा होतो. जवळपास असा मेळावा असल्यास त्याला सोबत न्यावे, म्हणजे मदत मागण्यासाठी त्याच्याकडे तुमच्याखेरीज आणखीही माणसे असतील.