कथकचे पहिले चाळ: ओवायचे कसे, बांधायचे कसे

तयार चाळ, म्हणजे पायात बांधायची घुंगरांची माळ, मागवू नका. त्यातली दोरी काही वेळा नायलॉनची असते, दोन घुंगरांमध्ये गाठ नसते आणि तत्कार, म्हणजे तालावर पाय वाजवायचा सराव, सुरू झाला की पाच मिनिटांत सगळी घुंगरं सरकून पायाच्या एका बाजूला गोळा होतात. मग लेकरू नाचायचं सोडून पायाकडे बघत बसतं आणि घरी तुम्ही म्हणता, लक्षच नाही हिचं. सुटी घुंगरं आणा आणि घरी ओवा. एक दुपार जाते, पण काम वर्षभराचं होतं.

त्याआधी नृत्य शिकवणाऱ्या ताईंना विचारा. तत्कार ठाय, दुगुन आणि चौगुनमध्ये, म्हणजे संथ, दुप्पट आणि चौपट लयीत, नुसत्या पायांनी स्वच्छ वाजत असेल, तरच घुंगरांची वेळ झाली. लवकर बांधलेले घुंगरू चुका झाकतात: पाय अर्धा पडला तरी आवाज पुरा येतो आणि लेकराला वाटतं, जमलं. दुसरं म्हणजे कोणत्या नृत्यासाठी ते सांगूनच घ्या. भरतनाट्यमची घुंगरं पट्ट्यावर शिवलेली असतात, कथकची दोरीत ओवलेली. छत्रपती संभाजीनगरच्या महागामी या नृत्यसंस्थेत कथक आणि ओडिसी दोन्ही शिकवतात. एकाच अंगणात दोन तऱ्हांचे पाय वाजताना दिसले म्हणून शेजारणीच्या मुलीचं बघून खरेदी करू नका.

सात ते दहा वर्षांच्या मुलामुलीला एका पायात 50 पुरेत. शंभराचा चाळ मोठ्यांचा. वाढता पाय म्हणून एक नंबर मोठी चप्पल घ्यायचा हिशेब इथे चालत नाही, कारण जास्तीचं वजन रोज नडगीवर आणि गुडघ्यावर येतं. घुंगरू पितळी, साधारण दीड सेंटीमीटर व्यासाचं. पोळ्याच्या बाजारात बैलांसाठी मिळतात ती स्वस्त दिसतात, पण जड असतात आणि त्यांचा आवाज वेगळा. ती बैलाच्याच गळ्यात शोभतात.

दुकानात 110 निवडून घ्या, दहा जादा. प्रत्येक घुंगरू कडीला दोन बोटांत धरून कानाजवळ हलवायचं. अंगाला हात लावून हलवलं तर चांगलंही बद्द वाजतं. कडीची आतली कड बोटाने तपासा. खरखरीत असेल तर ती दोरी कापते. घरी बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवला की काम होतं, चिरलेली कडी मात्र परत करा.

दोरी सुती, पांढरी, गोल, सुमारे चार मिलिमीटर जाडीची. पायजम्याचा नाडा चालत नाही, तो चपटा होऊन ताणतो. दोरी आधी पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे आटायची ती आधीच आटेल. एका पायाला चार मीटरच्या आसपास लागते, पण दोरीच्या जाडीप्रमाणे हे बदलतं. म्हणून आधी दहा घुंगरं ओवा, किती दोरी गेली ते मोजा, पाचाने गुणा आणि दोन्ही टोकांसाठी 40-40 सेंटीमीटर धरून मगच कापा. टोकाला मेणबत्तीचं मेण लावून ते बोटांनी टोकदार करा.

आता ओवणी. बहुतेक पालक इथेच फसतात, आणि फसवतो तो ‘फुलांसारखी ओवा’ हा सल्ला. पन्नासही घुंगरं आधी दोरीत भरली, तर नंतर मध्ये गाठ मारताच येत नाही, कारण गाठीच्या फासातून दोरीबरोबर उरलेली सगळी घुंगरं काढावी लागतील. घुंगरू एक, गाठ एक, या क्रमाला पर्याय नाही.

सुरुवातीचं टोक 40 सेंटीमीटर सोडून गाठ मारा. एक घुंगरू ओवून गाठीला भिडवा. आता दोरीचा सैल फास करा आणि मोकळं टोक त्यातून काढा, पण लगेच ओढू नका. ओढलं की गाठ जिथे असेल तिथेच आवळते, घुंगरापासून दोन सेंटीमीटर लांब, आणि ओली सुती गाठ असेल तर सुटतही नाही. फासाच्या आत विणकामाची बोथट सुई घाला. सुईने फास घुंगराच्या कडीपर्यंत ढकलत न्या, सुई तिथेच दाबून धरा, दुसऱ्या हाताने दोरी ओढत जा आणि गाठ आवळता आवळता सुई काढून घ्या. पहिली पाच-सहा घुंगरं वेळ खातात. मग हाताला लय सापडते.

गाठ बरोबर बसली का हे डोळ्यांनी बघू नका, हाताने बघा. घुंगरू डुललं पाहिजे, सरकता कामा नये. गाठीवर जबरदस्ती करून ते जखडलं तर आवाज कोंडतो. सैल ठेवलं तर पुन्हा तोच गोळा. गाठ कडीतून आरपार जात असेल तर दोरी बारीक पडली. ती बदला, दुहेरी गाठ मारून वेळ मारून नेऊ नका, कारण दुहेरी गाठ घोट्याला टोचते.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. एकामागून एक गाठी मारताना दोरीला पीळ चढतो. दर दहा घुंगरांनंतर चाळ वर उचलून धरा, मोकळं टोक लोंबतं सोडा आणि पीळ आपोआप उतरू द्या. नाही तर पन्नास झाल्यावर चाळ सापासारखा वेटोळी घेतो आणि पायावर कधीच सपाट बसत नाही. पन्नाशी पूर्ण झाली की शेवटी पुन्हा 40 सेंटीमीटर टोक. दुसरा चाळ तसाच. दोन्ही चाळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. फरक दिसला तर मोजणीत चुकलात किंवा घुंगरं दोन आकारांची आली आहेत.

बांधायला लेकराला खुर्चीवर बसवा, पाऊल सपाट जमिनीवर. घोट्याच्या वर मऊ सुती कापडाची पट्टी गुंडाळा. आजोबांच्या जुन्या धोतराची सात-आठ सेंटीमीटर रुंद पट्टी उत्तम. चाळाचं सुरुवातीचं टोक नडगीवर उभं धरा आणि त्याच्यावरूनच फेरे घाला. पहिला फेरा घोट्याच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, हाडावर नाही. पुढचा फेरा आधीच्यावर टेकवत वर न्यायचा. साधारण चार फेरे होतात. शेवटी वरचं टोक त्या उभ्या धरलेल्या टोकाशी बांधा, म्हणजे सगळे फेरे एकमेकांना धरून राहतात. करंगळी आत शिरली की घट्टपणा बरोबर. पावलाला मुंग्या आल्या तर लगेच सोडा, ‘सवय होईल’ असं म्हणू नका.

घट्टपणा उभं राहिल्यावर पुन्हा बघायचा, बसल्यावर बघितलेला पुरत नाही. दहा तत्कार करून पाहा. खाली घसरला तर पहिला फेरा सैल होता, वरचे कितीही आवळले तरी उपयोग नाही. पूर्ण सोडून पुन्हा बांधा. परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी नवा चाळ पहिल्यांदा बांधणं म्हणजे आपत्तीला अक्षता देणं. आधी निदान पंधरा दिवस तो वर्गात वाजलेला हवा.

घरी सराव शहाबादी फरशीवर होतो, त्याला इलाज नाही. पण फरशीवर सतरंजी टाकू नका, चक्कर घेताना सतरंजीसकट पाय जातो. जाड प्लायवूडचा तुकडा रबरी मॅटवर ठेवला तर नडगीला आराम. तो हलत नाही ना, हे आधी स्वतः उभं राहून बघा. पोटऱ्या दुखल्या तर चालतं, नडगीचं हाड रोज दुखत असेल तर सराव थांबवून ताईंना आणि डॉक्टरांना दाखवा.

वर्गातून आल्यावर चाळ पिशवीत कोंबू नका. घामाने भिजलेली दोरी सावलीत पसरून वाळवा, मग गुंडाळून सुती पिशवीत. घुंगरं धुवू नका. आतला लोखंडी खडा गंजतो आणि आवाज बसतो. त्यात आपल्याकडचं बोअरचं क्षारयुक्त पाणी पितळेवर पांढरे डाग ठेवून जातं. कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. चिंच-मिठाने लखलखीत करायचीच असतील तर दोरी बदलताना, सुटी करून, फक्त बाहेरून, ओल्या फडक्याने पुसून लगेच उन्हात. दोरी वर्षाला बदला, आणि पहिल्या फेऱ्यातली दोरी काळपट, मऊ झालेली दिसली तर वर्षाची वाटही बघू नका. ती नेहमी तिथेच आधी तुटते.