मेंढीच्या मुंडीतल्या लसिकाग्रंथी कशा शोधायच्या

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मेलेल्या मेंढीच्या कानाखालचा एक तुकडा लसिकाग्रंथी (रोगजंतू अडवणारी गाठ) समजून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, ही लाळग्रंथी आहे. तोवर बाकीचं मढं पुरून झालं होतं. कळपात काय शिरलंय, हे त्या धनगरदादांना मी सांगू शकले नाही. म्हणून सुरी उचलण्याआधी बोटांना हा फरक शिकवा. लाळग्रंथी दाण्यादाण्यांची, फिकट गुलाबी असते. लसिकाग्रंथी गुळगुळीत, पातळ आवरणातली, चरबीत रुतलेली. चिमटीत धरली की घेवड्याच्या दाण्यासारखी निसटते. आपल्याला जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येते ना, तीच जात.

हातमोजे घाला. सोललेली मुंडी घसा वर, कापलेली मान आपल्याकडे अशी ठेवा. जबड्याच्या कोनाजवळ, आतल्या अंगाला चाचपा. दोन्ही बाजूंना एकेक गाठ लागेल. इथे लाळग्रंथी अगदी शेजारी असते, घाई नको. मग कानाच्या मुळाखाली, जबड्याच्या मागच्या कडेला या. तिथली गाठ लाळग्रंथीखाली अर्धी झाकलेली असते, ती कड उचलून बघा.

सगळ्यात जास्त चुकते ती घशामागची जोडी. स्वरयंत्र पकडून वर उचला आणि घसा व कवटीचा तळ यांच्यामधली चरबी बोटाने सैल करा. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लांबट गाठी दिसतील. सापडल्या नाहीत तर मानेकडचा भाग मागून घ्या. मुंडी तोडताना त्या कधीकधी तिकडे राहतात.

गाठ उभी चिरा. निरोगी काप ओलसर आणि एकसारखा दिसतो. नमुन्यासाठी निम्मी गाठ पातळ काप करून दहा टक्के फॉर्मालिनमध्ये टाका, हे टिकवणारं द्रावण कापांच्या दहापट हवं. उरलेली निम्मी स्वच्छ डबीत, बर्फावर.

गाठ सुजलेली, टणक लागली तर मात्र टेबलावर फोडू नका. आत कांद्यासारखे थर असलेला हिरवट-पांढरा घट्ट पू असू शकतो. हा कोरिनेबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूचा आजार माणसालाही होतो, आणि सांडलेल्या पुवातले जंतू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. अशी गाठ अखंडच काढून डबीत बंद करा. सुरी किमान ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या मुंडीला लावू नका. आणि मेंढपाळाला त्याच दिवशी सांगा की कातरणीची कात्री प्रत्येक मेंढीनंतर जंतुनाशकात बुडवायची, कारण हा रोग कातरताना झालेल्या जखमांतून पसरतो.