मोटर दार उचलत नाही, स्प्रिंग उचलते

ऑटोमॅटिक गॅरेजची दारं दुरुस्त करणं हे माझं काम. लोक बोलावतात तेव्हा बहुधा म्हणतात, "मोटर दमलीय, बदलायला लागेल का?" मी मोटरकडे बघायच्या आधी दार हाताने उचलून बघतो. दाराचं वजन पेलते ती स्प्रिंग. मोटर त्या तोललेल्या दाराला फक्त वर-खाली नेते. स्प्रिंग ढिली पडली की सगळा भार मोटरवर येतो आणि दोष मात्र मोटरला लागतो.

तोल तुम्हालाही तपासता येतो. दार पूर्ण बंद करा. मोटरच्या पट्टीवरून लोंबणारी दोरी, बहुतेक ठिकाणी लाल मुठीची, ओढली की दार मोटरपासून सुटतं. आता ते कमरेपर्यंत उचला आणि हात जवळच ठेवून पकड हळूच सैल करा. पाय दाराखाली नकोत. दार तिथेच थांबलं तर तोल ठीक आहे. खाली घसरलं किंवा आपणहून वर निघालं, तर कारागीर बोलवा. दार उघडं असताना मात्र ती दोरी ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर अख्खं दार धाडकन खाली येतं.

दारावरच्या दांड्यावरची साधी स्प्रिंग साधारण 10,000 वेळा उघडझाप होईपर्यंत टिकेल अशा हिशोबाने बनवतात. दिवसातून चारदा दार उघडत असेल तर हे जेमतेम सात वर्षं झाली. तुटताना फटाक्यासारखा आवाज येतो आणि वेटोळ्यांमध्ये फट दिसते. मग मोटर चालवून बघूच नका. स्प्रिंग आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातला, दार उचलणारी तारेची केबल अडकवलेला ब्रॅकेट, या दोन्हींवर प्रचंड ताण असतो. तिथल्या बोल्टला घरच्या पान्याने हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक घरी सांगून निघतो. स्प्रिंगा दोन असतील तर दोन्ही एकदमच बदला. एक गेली म्हणजे दुसरीही तेवढीच वापरलेली असते.

दार जड झालं की काही जण मोटरचा जोर वाढवून ठेवतात. हे मला अजिबात पटत नाही. कशाला तरी टेकताच दाराने उलट फिरावं, ही सोय त्या जोराच्या मर्यादेवरच चालते. ती महिन्यातून एकदा तपासा: दार बंद होतं त्या जागी साधारण चार सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवा आणि दार खाली सोडा. फळीला टेकल्यापासून दोन सेकंदांत ते परत वर फिरायला हवं. फिरलं नाही, तर दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद.

मधे काही आलं की दार उलटवणारे दोन्ही बाजूंचे सेन्सर जमिनीपासून 15 सेंटिमीटरच्या आतच हवेत, कारण रांगतं मूल किंवा मांजर तेवढ्याच उंचीवर असतं. दार खाली येताना केरसुणीचा दांडा मधे धरा. दार लगेच उलटायला हवं. उलटत नसेल तर आधी काचेवरची धूळ आणि कोळिष्टकं पुसा, मग दोन्ही सेन्सर समोरासमोर आहेत का ते बघा. "सारखे अडतात" म्हणून सेन्सर काढून छताला बांधलेले मी पाहिले आहेत. ते जागेवर बसवल्याशिवाय मी तिथून निघत नाही.

तेलपाण्याला फार वेळ लागत नाही. वर्षातून दोनदा बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगची वेटोळी यांवर सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे मारा. रूळ मात्र कोरड्या फडक्याने नुसते पुसायचे. तिथे ग्रीस लावलं की धूळ चिकटून रोलर अडकतात. गंज सोडवायचा पातळ स्प्रे इथे कामाचा नाही, लवकर उडून जातो. त्याच वेळी ढिले झालेले बिजागऱ्यांचे नट आवळा आणि केबलचे तंतू सुटले आहेत का ते नुसतं डोळ्यांनी बघा.

भिंतीवरचं बटण दीड मीटरच्या वर हवं, मुलांचा हात पोचणार नाही असं. दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीत बोटं चिरडतात, म्हणून हाताने दार ओढायचं तर मुठीलाच धरून. आणि रिमोट हरवला तर मोटरमधले जुने कोड त्याच दिवशी पुसून टाका.