डोंगरउतारावर, तळ्याकाठी घर बांधण्यापूर्वी

सातपुड्याच्या उतारावरचे आमचे तळ्याकाठचे वडिलोपार्जित घर मी काही वर्षांपूर्वी नव्याने बांधून घेतले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या मागच्या दोन खोल्यांत घोटाभर पाणी उभे राहिले. ते पाणी तळ्याचे नव्हते. तळे उताराच्या खाली, शंभर पावलांवर होते. पाणी आले ते डोंगराकडून. आता दिवाळीनंतर धाकट्या भावाचे घर शेजारी बांधायचे आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे. चोपडा, यावल, रावेरपासून शिरपूर, शहाद्यापर्यंत सातपुड्याच्या कुशीत ज्यांना असे घर बांधायचे आहे, त्यांनाही ती उपयोगी पडावी.

सातबारा, फेरफार आणि ग्रामपंचायतीची कागदपत्रे सर्वांना ठाऊक असतात, त्यांवर वेळ घालवत नाही. जमीन विकत घ्यायची असेल तर मात्र दोन गोष्टी आधी पाहाव्यात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार बंधने आहेत. 'सगळे करतात' असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर विसार देऊ नये. दुसरे म्हणजे तळे पाटबंधाऱ्याचे असेल तर त्याचे संपादित क्षेत्र पाण्याच्या काठाच्या बरेच वरपर्यंत असते. पाणी कुठे संपते यावरून हद्द ठरत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, जलसंपदा विभागाचे हद्दीचे दगड शोधावेत आणि तळ्याची पूर्ण संचय पातळी, म्हणजे तळे पूर्ण भरले की पाणी जिथवर येते ती रेषा, जागेवर चुन्याने आखून घ्यावी.

जागा दोनदा पाहावी, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरच्या अखेरीस. मे महिन्यात पाणी मागे सरून भेगाळलेला गाळ उघडा पडतो, गाळ शेतात नेणाऱ्या ट्रॅक्टरांची ये-जा दिवसभर चालते आणि धूळ थेट ओसरीवर येते; घर कुठे आणि कसे बसवायचे ते त्या दिवसांत कळते. सप्टेंबरमध्ये मात्र तळ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि डोंगराकडे पाहावे. उतारावरून कुठून ओहळ येतात, कोणत्या ठिकाणी गवत इतरांपेक्षा हिरवे राहिले आहे, कुठे पायाखालची माती मऊ लागते, हे कागदावर मांडून घ्यावे. मी हे केले नाही. नकाशा काढताना आम्हा सर्वांचे डोळे तळ्याकडे होते: खिडकी किती मोठी, ओसरी किती रुंद, सकाळी पाणी कसे दिसेल. शेजारच्या वृद्ध काकू तेव्हा सहज म्हणाल्या होत्या, "डोंगरनं पानी घरमा शिरस भाऊ, तयानं नही." मी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागलो.

म्हणून या यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच, पायाच्याही आधी लिहितो: घराच्या मागे, डोंगराच्या अंगाला, पाणी अडवून बाजूला नेणारी चर. घराची पहिली वीट ठेवण्यापूर्वी ती खणलेली आणि बांधलेली असावी. कारण समजून घ्यावे, म्हणजे ती कोणी वगळणार नाही. आमच्या उतारावर वरचा थर दगडगोटे मिसळलेल्या सैल मातीचा आहे आणि त्याखाली काळा कातळ आहे. पाऊस लागून राहिला की पाणी सैल थरातून मुरते, कातळापाशी अडते आणि त्याच्या पाठीवरून उताराकडे सरकू लागते. आपण घरासाठी डोंगर कापतो तेव्हा नेमका तो थर उघडा करतो आणि त्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट करून देतो. माझ्या घरात पाणी दारातून आलेच नाही. मध्यरात्री उठून दिवा लावला तेव्हा मागच्या भिंतीच्या तळाशी, फरशी आणि भिंत मिळतात त्या सांध्यातून, बोटभर जाडीची धार येत होती. कोपऱ्यातल्या दोन फरश्या खालच्या दाबाने उचलल्या होत्या आणि पाय ठेवला की त्यांच्या कडेने गढूळ पाणी उसळत होते. ज्वारीची कणगी सकाळपर्यंत खालून हातभर भिजली. पुढची चार वर्षे त्या भिंतीला लोणा लागत राहिला आणि गिलावा पापुद्र्यांनी गळत राहिला.

चर एक नव्हे, दोन असाव्यात. पहिली उघडी, डोंगर कापला आहे त्या कड्याच्या वर पाच-सहा फूट अंतर सोडून, साधारण दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल, आतून दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून अस्तर केलेली; तिचे काम वरून वाहत येणारे पाणी कड्यावरून खाली पडू न देण्याचे. दुसरी झाकलेली, मागच्या भिंतीला समांतर, घराच्या जमिनीच्या पातळीपेक्षा खोल. तिच्या तळाशी छिद्रांचा पाइप, भोवती खडी आणि खडीभोवती माती आत जाऊ न देणारे कापड. जमिनीखालून येणारे पाणी हीच चर पकडते, म्हणून उघडी खणली की झाले असे समजू नये. दोन्हींना शंभर फुटांना किमान एक फूट उतार द्यावा आणि तो डोळ्यांनी नव्हे, पाण्याच्या नळीने तपासावा. चरीचे तोंड नैसर्गिक ओहळातच सोडावे. शेजाऱ्याच्या बांधावर किंवा शौचालयाच्या टाकीवर सोडू नये. मागे दगडी संरक्षक भिंत घालणार असाल तर तिच्यात दर पाच फुटांवर तीन इंची पाइपाची भोके आणि पाठीमागे खडीचा थर ठेवावा. माझ्या मिस्त्रीने भिंत 'मजबूत व्हावी' म्हणून सिमेंटने पूर्ण बंद केली होती. पाणी मागे कोंडले आणि भिंतीचे पोट पुढे आले. ठेकेदार चर 'नंतर पाहू' म्हणेल. नंतर घर उभे राहते, मागे जेमतेम दोन हात जागा उरते आणि त्यात यंत्र शिरत नाही. पायाच्या कामाचा पहिला हप्ता चर पूर्ण झाल्यावरच द्यावा.

आता पाया. उतारावर जागा सपाट करताना डोंगराकडचा भाग कापतात आणि तीच माती तळ्याकडे टाकून भराव करतात. घराचे अर्धे वजन कठीण मुरुमावर आणि अर्धे ताज्या भरावावर आले की भराव खचतो आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. तळ्याकडच्या बाजूचा पायाही मूळ कठीण थरापर्यंत पायऱ्यांनी उतरवावा, मग तो कितीही खोल जावो. काठाजवळ काळी माती असेल तर ती ओलीत फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तीवर पाया टेकवू नये. हा भाग भूकंपाला अपरिचित नाही, १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा धक्का बसला होता. म्हणून जोते आणि दारा-खिडक्यांचा माथा या पातळ्यांवर सलग सळईचा पट्टा घ्यावा. आणि पाया भरताना पुन्हा एकदा मागे जाऊन पाहावे, चर खणताना निघालेली माती तिच्यातच परत ढकललेली नाही ना.

जुने घर राखून दुरुस्त करायचे असेल तर घाईने धाबे उतरवू नये. सागवानी सर म्हणजे आडव्या तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर असे छप्पर आणि दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, यांमुळेच पारा ४५ अंशांकडे गेला तरी आमच्या आजोबांची माजघराची खोली दुपारी बसण्याजोगी असे. सर आतून ठोकून पाहावेत. भिंतीत रुतलेले टोक आधी कुजते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, ओल आत कोंडून भिंत पोकळ होते. चुन्याचा किंवा मातीचाच करावा. सागवान दुसरीकडे न्यायचे असेल तर वाहतुकीच्या परवान्याची चौकशी वनविभागात आधी करावी.

आमच्याकडे डोंगर उत्तरेला आणि तळे दक्षिणेला आहे, हे भाग्यच म्हणायचे. आपण सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेच्या मोठ्या खिडकीवर चार फुटांची वळचण ठेवली तर एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन आत येत नाही आणि हिवाळ्यात उन्हाचा पट्टा तीनेक फूट आत पसरतो. माझ्या घरातला हा एकच निर्णय पहिल्या वेळी बरोबर ठरला आणि थंडीत आई तिथेच बसून वाती वळते. पश्चिमेला मात्र तळे कितीही सुंदर दिसत असले तरी मोठी काच लावू नये. त्या बाजूला न्हाणीघर आणि कोठीची खोली घ्यावी.

सांडपाणी तळ्यात जाता कामा नये. गुरे तेच पाणी पितात. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. डोंगराच्या पायथ्याशी साचलेल्या दगडगोट्यांच्या, म्हणजे बझाडा पट्ट्यात पाणी फार भराभर खाली जाते, म्हणून तेथे अंतर आणखी वाढवावे. छपराचे पाणी पन्हळीने टाकीत घ्यावे, ते मागच्या चरीत सोडू नये. चर डोंगराच्या पाण्यासाठी आहे.

वाळू, खडी आणि सिमेंट होळीपूर्वी वर पोहोचवावे. पावसात भरलेली गाडी चढावर चढत नाही. उन्हाळ्यात केलेल्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओली पोती ठेवून पाणी मारावे. तळ्याचे पाणी आटले तर टँकर कुठून येईल ते आधी ठरवावे. वायरिंग, नळ, अर्थिंग जाणकाराकडून करून घ्यावे. खिडक्यांना डासांची जाळी हवी. रंग पहिला पावसाळा गेल्यावर, भिंती वाळल्या की द्यावा. फर्निचर शेवटी.

मृगाच्या आधीच्या आठवड्यात घमेले आणि फावडे घेऊन मागे जावे आणि दोन्ही चरींची तोंडे मोकळी करावीत. सागाची मोठी पाने एकावर एक बसून पाइपाचे तोंड झाकतात, ती हाताने काढावी लागतात. मग वरच्या टोकाला दोन हंडे पाणी ओतावे आणि ते ओहळात बाहेर पडेपर्यंत खालच्या टोकाशी उभे राहावे.