कंदीलपुष्पाचं टिश्यू कल्चर, कोल्हापूरच्या पावसाशी जमवून

उसाच्या टिश्यू कल्चरवर (बाटलीतल्या माध्यमावर तुकड्यापासून रोपं वाढवण्यावर) हात बसलेल्या माणसाला कंदीलपुष्पाकडे, म्हणजे सेरोपेजियाकडे, वळताना एक सवय मोडावी लागते. को ८६०३२ या उसाच्या वाणाची रोपं एकसारखी निघाली की काम फत्ते. रानातल्या दुर्मिळ वेलीची सगळी रोपं एकाच मातृरोपाची निघाली, तर संख्या वाढते पण जात सुरक्षित होत नाही. म्हणून बी मिळत असेल तर आधी बी लावा. अडचण अशी की फुलाच्या नळीत चिलटं अडकून परागीभवन होतं, आणि बहुतेक फुलं शेंग न धरताच गळतात. शेंग धरलीच तर पिकण्याआधी तिला मलमलची पिशवी बांधा. फुटली की रेशमी शेपट्यांचं बी वाऱ्यावर जातं. बी पुरेसं नसेल तेव्हाच पेराकडे, म्हणजे डोळा असलेल्या खोडाच्या तुकड्याकडे, वळायचं.

जंगलातून, अभयारण्यातून काहीही आणायचं तर वन विभागाची परवानगी आधी. कंद उकरू नका. एका वेलीवरची दोन-तीन पेरं पुरतात, आणि एकाच ठिकाणच्या जितक्या वेगवेगळ्या वेली मिळतील तितक्या घ्या. प्रत्येक वेलीला क्रमांक द्या. तो बाटलीपासून कुंडीपर्यंत सुटता कामा नये. पन्हाळ्याकडची आणि राधानगरीकडची रोपं एकदा मिसळली की पुन्हा वेगळी काढता येत नाहीत.

अपयशाचं मोठं कारण लॅबबाहेर असतं. भर पावसात भिजलेल्या वेलीच्या पेरात बुरशी इतकी आत गेलेली असते की वरून कितीही धुतलं तरी उपयोग होत नाही. कुंडीतली वेल दोन आठवडे छपराखाली ठेवा, पाणी फक्त बुडाशी द्या, आणि कापण्याच्या दोन-तीन दिवस आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारा. शेंड्यापासून तिसरं ते पाचवं पेर घ्या. त्याच्या वरची कोवळी पेरं निर्जंतुक करताना करपतात, खालच्या जून पेरात जंतू जास्त.

पानं काढताना देठाचा २ मिलिमीटर खुंट ठेवा, बगलेतला डोळा त्याच्या आडोशाला वाचतो. नळाच्या वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, मग ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकलेल्या १०० मिली पाण्यात ५ मिनिटं. पुढचं सगळं लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात), आणि तोही किमान २० मिनिटं आधी चालू केलेला. वीज जाऊन आली तर ती २० मिनिटं पुन्हा मोजायची. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ३ ते ५ मिनिटं, नंतर निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणं. ते विषारी पाणी आणि पहिली दोन-तीन धुणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. शेवटी दोन्ही टोकांचा करपलेला भाग छाटून १ ते १.५ सेंटिमीटरचा तुकडा उभा रोवा, डोळे माध्यमाच्या वर.

माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग यांचं पोषक मिश्रण): लिटरला साखर ३० ग्रॅम, अगार ८ ग्रॅम, बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) १ ते २ मिलिग्रॅम. सामू (पीएच) अगार टाकण्याआधीच ५.८ वर आणा; तो फार खाली गेला तर अगार नीट गोठत नाही आणि तुकडे आडवे पडतात. मग माध्यम निर्जंतुक करा: १२१ अंशांवर १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं. वाढखोलीत २५ अंश तापमान आणि १६ तास उजेड.

पहिल्या आठवड्यात बाटल्या रोज बघा आणि बिघाड नेमका कुठून सुरू झाला ते टिपून ठेवा. तुकड्याच्या बुडाभोवती दुधाळ वलय आलं तर जीवाणू आतलेच, म्हणजे मातृरोप बदला. तुकड्यापासून लांब, माध्यमावर कापसासारखा ठिपका उठला तर दोष हाताचा किंवा हवेचा. माध्यम काळवंडलं तर तुकडा दोन-तीन दिवसांत ताज्या माध्यमावर हलवा. पानं काचेसारखी, फुगीर झाली तर बीएपी निम्मं करा, अगार ९ ग्रॅम. बुडाशी गाठीसारखा कॅलस (आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा) वाढून त्यातून फुटवे आले तर ते दिसायला कितीही भरघोस असोत, टाकून द्या. त्यांचा मूळ वेलीशी मेळ राहीलच असं नाही. डोळ्यातून आलेलेच फुटवे पुढे, ताज्या माध्यमावर न्या, दर चार आठवड्यांनी.

मुळांसाठी एमएस निम्म्या ताकदीचं, साखर २० ग्रॅम, आयबीए (मुळं आणणारं संप्रेरक) ०.५ ते १ मिलिग्रॅम. साधारण महिन्यात मुळं धरतात.

आता वेळापत्रक, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. रोपं बाटलीबाहेर काढायची ती जूनअखेर ते जुलैत. तेव्हा कोल्हापूरची हवाच निम्मं काम करते. एप्रिलच्या झळांत तीच रोपं दुपारपर्यंत माना टाकतात. याचा अर्थ पेरांची सुरुवात आदल्या हंगामातच हवी. काढताना मुळांवरचं अगार कोमट पाण्यात पूर्ण धुवा, त्यातल्या साखरेवर बुरशी चढते. रोप लावायच्या पेल्यात वाळू, जांभ्याची माती आणि कोकोपीट समभाग. पेल्यावर प्लास्टिकची पिशवी घाला. पहिला आठवडा बंद, दुसऱ्यात भोकं, तिसऱ्यात तोंड उघडं, मग पिशवी काढा. इथे रोपं सुकण्यापेक्षा मानेशी कुजूनच जास्त जातात, म्हणून वरचा थर कोरडा दिसल्याशिवाय पाणी नको.

दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून वेल वाळेल. कुंडी रिकामी करू नका. माती हलक्या हाताने बाजूला केली तर खाली वाटाण्याएवढा कंद सापडतो, तो तसाच झाका. पाणी तोडा, लेबल पुन्हा पेन्सिलने लिहा, कारण शाई मे महिन्यापर्यंत उडून जाते. कुंड्या उंदरांपासून जाळीखाली ठेवा. वळीव पडून गेला की पाणी सुरू करा.